आर्म बदलण्याआधी बेअरिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज बिघडला की हल्ली लगेच आर्म (सुई धरणारा दांडा) बदला, नाहीतर आतली वायर चांदीची करा, असा सल्ला मिळतो. हा क्रम उलटा आहे. 1959 साली आलेला एसएमई 3009, 1979 च्या टेक्निक्स एसएल-1200 एमके 2 प्लेअरवरचा आर्म आणि 1983 चा रेगा आरबी 300 हे आर्म आजही उत्तम चालतात. त्यांचे बेअरिंग, म्हणजे आर्म ज्यावर फिरतो तो सांधा, शाबूत हवे, एवढीच अट.

तपासणी घरी होते. सुईवर टोपण चढवा, अँटीस्केटिंग (आर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारी योजना) शून्यावर आणा आणि मागचे वजन फिरवून आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगता करा. हलकी फुंकर घातली की तो न अडखळता सरकला पाहिजे. एकाच जागी थबकत असेल तर धूळ किंवा सुकलेले ग्रीस अडते आहे. मग हेडशेल, म्हणजे आर्मचे सुईकडचे टोक, चिमटीत धरून अगदी हलके मागे-पुढे करा. बोटांना 'टिक' जाणवले तर बेअरिंग ढिले आहे. एसएमई मात्र वर उचलून पाहू नये, तो धारेवर नुसता टेकलेला असतो. शिवणयंत्राचे तेल किंवा गंज काढायचा फवारा बेअरिंगमध्ये कधीच सोडू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यावर धूळ बसून त्याचा चिखल होतो.

प्रत्येक आर्मचे दुखणे वेगळे. एसएमईमध्ये मागच्या वजनाजवळचे रबर वयोमानाने मऊ पडते आणि शेपटी खाली झुकते. तेवढे रबर बदलले तरी आवाजातला बास सावरतो. काही 3009 मध्ये बेअरिंगची धार नायलॉनची आहे. ती झिजली असेल तर ब्रॉन्झची धार बसवणे हा पैसे वसूल करणारा बदल. रेगा आरबी 250 मध्ये मागचे वजन ज्या दांड्यावर बसते तो प्लॅस्टिकचा आहे. तो धातूचा करून जड वजन पिव्होटच्या (आर्म जिथे फिरतो त्या बिंदूच्या) जवळ आणावे. रेगाची उंची वाढवायची तर बुडाखाली चकत्या घालाव्या लागतात. टेक्निक्सला उंचीची कडी आहेच. त्याच्या बेअरिंगचे स्क्रू मात्र अंदाजाने आवळू नयेत, टोके दबली की आर्म गेला.

कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या डबीची, आर्मशी जोडीही जमली पाहिजे. आर्मचे परिणामी वजन (सुईला प्रत्यक्ष जाणवणारे), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करून तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने (सुईच्या लवचिकपणाच्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे आर्म आणि सुई मिळून आपोआप डोलण्याची कंपनसंख्या, 8 ते 12 हर्ट्झच्या आत हवे. टेक्निक्सचे 12 ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडचे 7.2, स्क्रूंचा अर्धा, बेरीज 19.7. कम्प्लायन्स 20 धरली की 8 हर्ट्झ येतात, म्हणजे जेमतेम. 20 ग्रॅमच्या जड आर्मवर 6 ग्रॅमचे, 30 कम्प्लायन्सचे मऊ कार्ट्रिज लावाल तर पावणेसहाच्या आसपास उतराल आणि वाकलेल्या तबकडीवर आर्म डोलायला लागेल. जपानी कंपन्या बहुधा 100 हर्ट्झवर मोजलेला कम्प्लायन्सचा आकडा छापतात. तो दीड ते दोन पट धरावा. सुईचा दाब इतवारीतल्या सराफाकडे असतो तशा 0.01 ग्रॅमच्या काट्यावर मोजता येतो. काट्याची थाळी लोखंडी असेल तर कार्ट्रिजचे चुंबक ओढले जाऊन आकडा खोटा येतो. डिसेंबरच्या थंडीत सुईचे रबर कडक होते, तेव्हा दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेत थोडा वरच ठेवावा.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. ख्यालाच्या एलपीवर विलंबित आधी येतो आणि द्रुत, तराणा लेबलाजवळच्या अरुंद वर्तुळांत. तिथेच आवाज फाटतो. सुई खाचेला अगदी सरळ बसते असे तबकडीच्या मध्यापासून दोनच बिंदू असतात, म्हणून ती बेअरवाल्डच्या मांडणीतल्या 66 आणि 120.9 मिलिमीटरऐवजी स्टीव्हनसनच्या 60.3 आणि 117.4 मिलिमीटरच्या बिंदूंवर जुळवणे माझ्या मते योग्य. नाट्यपदांच्या 78 च्या तबकड्या असतील तर सुटे हेडशेल घेणारा एसएमईसारखा आर्मच ठेवा. या तबकड्यांना सुमारे 65 ते 75 मायक्रॉनची सुई लागते आणि दोन हेडशेल तयार असली की बदल मिनिटाचा. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते. रेगाचे हेडशेल सुटत नाही, दर वेळी कार्ट्रिजच काढावे लागते.

वायर सगळ्यात शेवटी. आधी कार्ट्रिजच्या पिनांवरच्या चिमट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; खरखर किंवा एक बाजू बंद पडण्याचा दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. मल्टीमीटर लावताना कार्ट्रिज काढून ठेवा, मीटरचा प्रवाह त्याच्या बारीक तारांना सोसत नाही. वायर बदलावीच लागली तर पिव्होटपाशी ती केसासारखी सैल राहू द्या. ताठ वायर आर्मला हळूच एका बाजूला ओढते आणि दोष मात्र अँटीस्केटिंगवर येतो.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर