यंदा कबरस्थानात दादा जाईल

आई, बाबा, जय ख्रिस्त.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी फोन आईकडं दिला असता, म्हणून लिहितेय. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनाला, मला सुट्टी मिळाली नाही. आणि बाबा, यंदा तुम्हीही कबरस्थानात जायचं नाही. दादाशी बोलून ठरवलंय. रागावू नका, गुडघ्याचे टाके काढून किती दिवस झालेत? काळ्या मातीतली ती वाट तुम्हाला मी काय सांगावी.

तुमचा जीव कशात अडकलाय ते ठाऊक आहे मला. त्या रात्री नदीला पाणी आलं, फादर पोचले नाहीत, आज्जी शेवटच्या संस्काराशिवाय तशीच गेली. पण मी इथल्या फादरना सगळं विचारलंय. 1 ते 8 नोव्हेंबर कबरस्थानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की दिवसाला एक पूर्ण दंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेची माफी, मिळते, आणि ती शुद्धीस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठीच असते. फादरजवळ पापांची कबुली, कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद, पोपसाहेबांच्या हेतूसाठी प्रार्थना हवी, मनात पापाची ओढ नको. दादा आठही दिवस जाणार. पहिला दिवस आज्जीचा, दुसरा आजोबांचा, मग ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांचा. ज्याला जाणं जमतच नाही, त्याला कबुली ऐकणारे फादर दुसरं काही नेमून देऊ शकतात. ते घरी येतील, कम्युनियनही आणतील.

काका येऊन म्हणतीलच, मेलेल्यांसाठी कसली प्रार्थना. त्यांच्या प्रोटेस्टंट बायबलात मक्काबीचा ग्रंथ नाही, वाद घालू नका. यहूदा मक्काबीनं पडलेल्या शिपायांच्या पापार्पणासाठी 2000 द्राख्मा चांदी यरुशलेमेला पाठवली, हे तुम्हीच मला मांडीवर घेऊन सांगितलंय. आणि संत मोनिका मरताना लेकरांना काय म्हणाली? देह कुठंही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. आज्जीसाठी 30 मिस्सा मी इथं लावल्यात.

आपण त्यांच्यासाठी मागतो तेव्हा त्यांचं आपल्यासाठी मागणंही फळाला येतं, ही आपल्या चर्चची शिकवण. म्हणजे बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी आज्जी मागत असेल. कबरीवर मेणबत्ती लावताना मेण हातावर सांडलं की तुम्ही फुंकर घालायचात, ते आज सारखं आठवतंय.

आई, रोजरीला त्यांना खाली बसू देऊ नकोस, खुर्चीतच. पहाटे गार पडतंय, स्वेटर काढून ठेव. गोळी जेवणानंतर, आधी नाही. आणि दादाजवळ झेंडू दे, पिवळाच, आज्जीला केशरी आवडायचा नाही.

तुमची
छकुली