चार दिवस फोन का लागला नाही

पर्थ, २४ ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईचा आवाज ऐकला आणि काय बोलावं तेच सुचेना, म्हणून सगळं नीट लिहिते आहे. मी सुखरूप आहे. ताप नाही, सर्दी नाही, जेवणही वेळच्या वेळी होतं.

ऑस्ट्रेलियातल्या नलारबोरच्या माळावर, जिथे आम्ही उल्कापाषाण शोधायला जातो, मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, हे मी निघताना सांगितलं होतं. उपग्रहावरून चालणारा एक फोन आमच्याकडे होता, पण तो अडीअडचणीसाठी. मागितला असता तर मिळाला असता. मी मागितला नाही, कारण बाबांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे असं धरून चालले होते. तारीख अलीकडे आली हे मला कळणार कसं? दादा म्हणतो, मोतीबिंदूच तर होता. पण बाहेरच्या बाकड्यावर आई एकटी बसली होती, हे काही माझ्या मनातून जात नाही.

आई, पाण्याची पिंपं गाडीत भरलेली असतात. इथे आत्ता हिवाळा आहे, त्यामुळे सापही फारसे बाहेर पडत नाहीत. एकटीने कुठे जायचं नाही असा नियमच आहे. आणि ‘तिथे चिटपाखरू नसतं’ असं काकू म्हणाली ना, तिला ही गोष्ट सांग. शहर सोडलं की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा चालक आपल्याकडे बघून एक बोट वर करतो. हात हलवत नाही, हॉर्न वाजवत नाही. स्टिअरिंगवरचा हात तसाच ठेवून फक्त तर्जनी उचलतो. पहिल्यांदा मला वाटलं, आपलं चाक पंक्चर झालंय, म्हणून गाडी बाजूला घेऊन चारही चाकं बघितली. नंतर कळलं, हा त्यांचा रामराम. मोठा ट्रकवालाही करतो, कॅराव्हॅनमधले आजोबाही करतात. आपणही उलट बोट उचलायचं असतं. इथे पर्थमध्ये मात्र कुणी करत नाही, केलं तर लोक चमकून बघतील. या रस्त्यावर एका ठिकाणी १४६ किलोमीटर एकही वळण नाही. अशा जागी कुणीतरी आपल्याला पाहिलंय, एवढं कळलं तरी धीर येतो.

बाबा, आता कामाचं. हा माळ चुनखडीचा, फिकट, झाड जवळजवळ नाहीच. म्हणून आकाशातून पडलेला काळा दगड लांबूनही उठून दिसतो, शिवाय कोरड्या हवेत तो हजारो वर्षं टिकतो. आम्ही ओळीने, थोडं थोडं अंतर ठेवून, खाली बघत चालतो. कांगारूच्या लेंड्या आणि इथलेच लोहयुक्त खडे फार फसवतात. तिसऱ्या दिवशी दुपारी मला एक सापडला, अक्रोडाएवढा. एका बाजूला काळं, नखाएवढं पातळ कवच होतं. वातावरणातून येताना वितळून थिजलेलं. दुसरी बाजू गंजून तपकिरी झालेली. हात लावायचा नाही. आधी जागेवर फोटो, जीपीएसची नोंद, मग हातमोजे घालून फॉइलमध्ये गुंडाळायचा. तुम्ही विचारलंत, लोहचुंबक का लावत नाही? लावला तर दगडात जपलेली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. लोक हौसेने लावतात आणि अशी कोट्यवधी वर्षांची नोंद क्षणात जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रयोगशाळेत त्याची चकती कापली. आत बाजरीएवढे गोल दाणे, मधेमधे लोखंड-निकेलचे चमकते ठिपके. मग ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासली, तेव्हा तिच्यातून प्रकाश आरपार गेला. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात ऑलिव्हिन या खनिजाचे कण निळे, गुलाबी, पिवळे दिसायला लागले. ते गोल दाणे म्हणजे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी अवकाशात थिजलेले थेंब. तेव्हा पृथ्वी पुरती घडलीही नव्हती. त्या वेळी बाबा, तुम्हाला शेजारी बसवून एकदा त्या नळीला डोळा लावायला सांगावं असं फार वाटलं.

दादाला सांगा, तुकडा आणता येणार नाही. इथे सापडलेला उल्कापाषाण कायद्याने सरकारचा, तो संग्रहालयात जातो.

ऑपरेशनचे सत्तर हजार दादाच्या खात्यावर पाठवलेत, सोमवारी जमा होतील. परत करायची भाषा नको. गच्चीच्या गळतीचं पुढच्या पगारात बघते. धाकटीच्या लग्नाला डिसेंबरची तारीख धरा, मी येते. साखरपुड्याला नव्हते ते तिने मनात ठेवलंय, मला माहीत आहे. माझं आधी व्हावं म्हणून तिचं अडवू नका. पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मी बोलेन त्यांच्याशी, पण दर वर्षी तीन आठवडे मी माळावर असते हे त्यांना आधी सांगा. लपवून काही ठरवू नका.

बाबा, थेंब वेळेवर घाला, वाकू नका. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं, ते दादाकडून न कळवता तुम्ही स्वतः मला सांगा.

तुमची,
मनू