तेलाच्या मुलखाचे जुने नकाशे खुले करा

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

भारतीय सर्वेक्षण विभाग आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र. उमेदीची वर्षे मी वरच्या आसामातल्या तेलक्षेत्रात नोकरीत काढली. दिग्बोई आणि बाघजान ज्यात येतात त्या ८३ एम क्रमांकाच्या नकाशा-पत्रकांच्या सगळ्या जुन्या आवृत्त्या स्कॅन करून लोकांना मोफत द्याव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

दिग्बोईला १८८९ मध्ये विहीर खोदायला घेतली, १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. नहरकटियाला १९५३ मध्ये तेल लागले. त्याआधी १५ ऑगस्ट १९५० चा ८.६ तीव्रतेचा भूकंप येऊन गेला होता. डोंगर ढासळले, ब्रह्मपुत्रेचे पात्र गाळाने वर आले, नद्यांनी वाटा बदलल्या. पूर्वी दिब्रू-सैखोवा जंगलाच्या उत्तरेने जाणाऱ्या लोहितचे पाणी आज दक्षिणेनेही वाहते. एका इंचाला एक मैल प्रमाणाचे जुने पत्रक आजच्या पन्नास हजारी (१:५०,००० प्रमाणाच्या) पत्रकाशेजारी ठेवले, तरच हा बदल नीट समजतो.

२७ मे २०२० रोजी बाघजानची पाच नंबरची विहीर फुटली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरात आटोक्यात आली. शेजारीच मागुरी-मोटापुंग बील, म्हणजे पाणथळ तळे. पाणी पूर्वी कुठवर होते आणि शेत कुठून सुरू व्हायचे, हे भरपाई मागणाऱ्याने कशाच्या आधारे दाखवायचे?

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८८४ पासूनची पत्रके मोफत खुली केली आहेत. पेनसिल्व्हेनियाचे तेलक्षेत्रही त्यात आले. अमेरिकी लष्कराने छापलेले भारताचे अडीच लाखी (१:२,५०,००० प्रमाणाचे) नकाशेसुद्धा टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. आपल्याच नद्यांची जुनी पात्रे पाहायला आपल्या मुलांना तिकडे जावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

सीमा जवळ असल्याची अडचण सांगितली जाईल. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनेच नकाशांवरची बंधने सैल केली आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीचा नदीकाठ आज कुणापासून लपवायचा?

एक विनंती आवर्जून. स्कॅन करताना पत्रकाचा समास कापू नये. मोजणीचे साल तिथेच असते, आणि छपाईचे साल बरेचदा त्याच्या कितीतरी पुढचे. ते गेले तर पत्रक पुरावा म्हणून निकामी होते. शिवाय प्रत्येक आवृत्तीची एक छापील प्रत तिनसुकिया आणि दिब्रुगढच्या जिल्हा कार्यालयांत, कुणालाही मागता येईल अशी ठेवावी.

आपला,
तेलक्षेत्रातला एक निवृत्त कर्मचारी