एका तासावर दिवसभर बोलू या

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेली तुमच्या विद्यापीठाच्या वार्षिक अध्यापन परिषदेची कार्यक्रमपत्रिका मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडली. तिथं प्राध्यापक आपला एखादा विषय घेऊन येतो, यंदा शिकवताना काय बदललं ते सांगतो, त्याचा मुलांच्या उत्तरपत्रिकांवर काय परिणाम झाला ते दाखवतो, आणि त्या वर्गातली दोन मुलं शेजारी बसून आपलं म्हणणं मांडतात. हे आपल्याकडं व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या भागात परिषदा कमी होत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांचे आणि परिषदांचे गुण मोजायला लागले, आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीतही त्यांची नोंद लागते. त्यामुळं परिषद भरवणाऱ्याला अहवाल हवा असतो आणि येणाऱ्याला प्रमाणपत्र. यात माणसं वाईट नाहीत रे, मोजमापच तसं आहे. पण वर्ग मात्र बाहेरच राहतो.

मागं अशाच एका परिषदेला गेलो होतो. विषय होता उच्च शिक्षणातली गुणवत्ता. सत्कार आणि भाषणं जेवणापर्यंत चालली. दुपारी एका खोलीत निबंधवाचन सुरू झालं. कॉमर्स शिकवणारी एक तरुण बाई खानापूरकडून आली होती. तिच्याकडं पीपीटी नव्हती, उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स होत्या. तिनं पहिलीच वर धरली. जर्नल एंट्री, म्हणजे हिशेबाची नोंद, अगदी बरोबर, डेबिट-क्रेडिट जिथल्या तिथं, आणि खाली नॅरेशनची, म्हणजे व्यवहार काय झाला ते सांगणारी, ओळ कोरी. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली ही मुलं. व्यवहार त्यांना कळलेला असतो, पण तो इंग्रजीत एका ओळीत लिहायचा म्हटलं की पेन थांबतं. तिनं काय केलं, तर महिनाभर नॅरेशन आधी मराठीत किंवा कन्नडमध्ये तोंडी सांगायला लावलं, मग मुलांनीच त्याचं इंग्रजी जुळवलं. पुढच्या चाचणीत काय झालं ते ती सांगणार, तोच वेळ संपल्याची घंटा झाली. पुढचं मी स्टँडवर बसची वाट बघताना तिच्याकडून ऐकलं. कोऱ्या ओळी बऱ्याच भरल्या होत्या. चुका होत्या, पण मुलं लिहायला लागली होती. त्या अख्ख्या दिवसात शिकवण्याबद्दल मला जे काही मिळालं, ते तेवढंच.

अशा कामाला जगात मान आहे हे तुला सांगायला नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची हर्डसा ही उच्च शिक्षणातली संस्था १९७२ पासून याच विषयासाठी काम करते. अमेरिकेत कार्नेगी फाउंडेशनच्या अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्ये ठामपणे मांडलं की अध्यापन हेही विद्वत्तेचंच काम आहे. २००४ मध्ये तर त्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्थाच निघाली. त्या खानापूरच्या बाईंनी नेमकं हेच केलं होतं. अडचण हेरली, उपाय केला, पुरावा गोळा केला. तो तपासायला आणि उचलायला चार सहकारी समोर बसलेले हवे होते, ते तिला मिळाले नाहीत.

माझ्या वर्गात मी हार्वर्डच्या एरिक मॅझूर यांची पद्धत वापरतो. ते १९९१ पासून भौतिकशास्त्र असं शिकवतात. प्रश्न टाकायचा, हात वर करून मतं घ्यायची, मग शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मतं घ्यायची. सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच पोचला की त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती, असं परवा विचारलं. निम्म्याहून जास्त वर्ग 'शून्य' म्हणाला. मग कालवा सुरू झाला, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये. चंदगडकडची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "वेग शून्य गं, त्वरण कुठलं? ते पण शून्य झालं तर चेंडू वरच राहील की!" शेजारीण कन्नड शाळेतली. तिनं तेच मागच्या बाकाला कन्नडमध्ये सांगितलं. दुसऱ्यांदा हात वर झाले तेव्हा 'शून्य' म्हणणारे थोडेच उरले. माझ्या व्याख्यानानं हे इतक्या लवकर झालं नसतं. प्राचार्यांना आकडा लागतो म्हणून २०१४ चा अभ्यास त्यांच्यासमोर ठेवला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांचा तो एकत्रित आढावा आहे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं सरासरी प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास निघालं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात २२ च्या.

पण दोन-तीन भाषांचा वर्ग कसा चालवायचा हे त्या अभ्यासांत सापडत नाही. ते आपल्यालाच शोधायला हवं, आणि इथं सगळे विखुरलेत. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाकडं. निपाणी गावातली कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाकडं. चालत जाण्याएवढं अंतर, पण अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा वेगळ्या. कर्नाटकानं २०२१ मध्ये चार वर्षांच्या पदवीचं नवं शैक्षणिक धोरण घेतलं आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडं वळलं. त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्रानं ते नवं धोरण संलग्न कॉलेजांत लागू केलं. दोन्हीकडच्या मास्तरांसमोर मुलं मात्र त्याच गावांतली. सीमाप्रश्नावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलो, त्याबद्दल माझं मत तुला माहीतच आहे. पण या मुलांच्या पहिल्या सेमिस्टरबद्दल दोन्हीकडच्या मास्तरांनी एकत्र बसावं, यासाठी कुठल्याही निकालाची वाट बघायचं कारण नाही.

म्हणून ठरवलंय, डिसेंबरात एक दिवस बसायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इथले मास्तर, कन्नडमधून शिकवणारेही. प्रत्येकानं वर्गात घेतलेला आपला एकच तास आणायचा, मुलांच्या वह्या किंवा उत्तरपत्रिकांसकट. अशा प्रत्येक तासावर पाऊण तास चर्चा. सत्कार नाही, प्रमाणपत्र नाही, त्यामुळं काही जण येणार नाहीत, चालेल. खानापूरच्या बाईंचा तास पहिला, आणि घंटा ठेवायची नाही. दरवर्षी असं बसलो, तर तीन-चार वर्षांत आपल्या मुलांसाठी काय चालतं आणि काय नाही याची खात्रीची माहिती आपल्याच हातात असेल.

तू तेव्हा गावी येणारच आहेस. पाहुणा म्हणून नको, सगळ्यांबरोबर बाकावर बस. तुझा एक तास घेऊन ये, शक्यतो फसलेला. तिकडची मुलं कुठं अडतात हे इथल्यांना बघू दे. आणि येण्याची तारीख लवकर कळव गड्या, म्हणजे त्यातला शनिवार धरून मी हॉल सांगून ठेवतो.

तुझाच,
बेळगावचा मित्र