आमची गाडी वाळवंटातून सुखरूप आणणाऱ्या मेस्त्रीकाकांना

फोंडा, गोवा

मेस्त्रीकाकांस साष्टांग नमस्कार.

गाडी अंगणात लागली, मुलांची शाळा सुरू झाली, आणि आता कुठे निवांत लिहायला बसले आहे. समोरासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही 'चहा घेणार ना?' म्हणत विषयच बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय गोव्यातली आणखी काही घरं आता अशी राहण्याजोगी गाडी घेऊन लांब जायचा विचार करताहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

जैसलमेरला जायचंय म्हटल्यावर बाकीच्यांनी टायर बघितले, इंजिनचा आवाज ऐकला आणि 'जाईल' म्हणून मोकळे झाले. तुमचा पहिला प्रश्न होता, 'गाडीत झोपणार कोण कोण?' सासूबाई आणि दोन्ही मुलं येणार हे कळल्यावर तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरलात आणि गॅसची नळी कुठून कुठे नेलीय ते हाताने चाचपत बसलात.

सिलिंडर आतच, पलंगाखाली बसवून दिलेला होता. तुम्ही तो तिथून काढलात आणि फक्त बाहेरून उघडणारं पत्र्याचं खोकं करून त्यात ठेवलात. खोक्याच्या बुडाला भोकं पाडलीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता तळाशी साचतो, त्याला खाली वाट हवी, हे तुम्ही आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलंत. थंडी कितीही पडो, छताची झडप बोटभर उघडी राहिलीच पाहिजे आणि उबेसाठी आत शेगडी पेटवायची नाही, हेही तेव्हाच. सासूबाईंनी डोळे मिटून, नुसत्या हाताच्या अंदाजाने व्हॉल्व्ह बंद करून दाखवला तेव्हाच तुम्ही किल्ली दिलीत. त्या दिवसापासून त्या स्वतःला गाडीतली गॅसवाली म्हणवून घेतात आणि झोपण्यापूर्वी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय अंथरुणावर पाठ टेकत नाहीत.

दारांची रबरं तुम्ही पाण्याने तपासलीत. बाहेरून नळी मारायची आणि आत बसून कुठून थेंब येतो ते खडूने खुणवायचं. 'जिथून पाणी शिरतं तिथून धूळ शिरते.' आपल्याकडच्या पावसाने आणि खाऱ्या हवेने रबरं आतून कुजली होती; वरून ठीक दिसत होती. ती सगळी बदललीत. बाडमेरच्या पुढे वारा सुटला तेव्हा समोरच्या काचेवर पिठासारखी धूळ बसत होती, पण आतली डाळ-तांदळाची डब्बी आणि मुलांची अंथरुणं स्वच्छ राहिली. एअर फिल्टर मात्र रोज संध्याकाळी काढून झटकावा लागला. तो थोरल्याने झटकला, तुम्ही शिकवलं होतं तसा, आतून बाहेर.

मस्कतला गॅरेजात काढलेल्या वर्षांबद्दल तुम्ही फारसं बोलत नाही. घर इथे, काकू इथे, मुलं इथे वाढताहेत, आणि तुम्ही तिकडे ओमानमधल्या वाहिबा वाळवंटात रुतलेल्या लोकांच्या गाड्या ओढून काढताय. आपल्या गावातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट आहे. गल्फमधून परतलेला माणूस पैसे आणि घर घेऊन आला एवढंच आपण मोजतो. तिकडे कमावलेली विद्या त्याला इथे कुणी विचारत नाही. तुम्ही ती आम्हाला न मागता दिलीत, रविवारच्या दुपारी झोपमोड करून, त्याचा एक पैसाही न घेता. माझ्या मते या प्रवासात आम्हाला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती.

धाकटा म्हणाला होता, 'वाळूत चालवायचं तर मोरजीच्या किनाऱ्यावर जाऊन शिकू या.' तुम्ही त्याला तिथल्या तिथे थांबवलंत. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, चाकाखाली घरटं आलं तर कळणारही नाही, असं त्याला जवळ बसवून सांगितलंत. मग गॅरेजच्या मागे ट्रकभर रेती पसरून त्यात आमची गाडी मुद्दाम रुतवलीत. हे कोण करतं, काका?

त्या रेतीचा उपयोग खुडीच्या वाटेवर झाला. जैसलमेरहून नैर्ऋत्येला जाणारा अरुंद डांबरी रस्ता, त्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूच्या जिभा. समोरून भरलेला ट्रक आला, त्याला वाट द्यायला आम्ही डावीकडे उतरलो आणि मागचं चाक सरळ खाली बसलं. यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जाणार एवढ्यात मागून दोन्ही मुलं एका सुरात ओरडली, 'घाय करूं नाकात!', घाई करू नका. तुमचाच शब्द, तुमच्याच आवाजात.

पुढचं सगळं तुम्ही बसवून घेतल्यासारखं झालं. इंजिन बंद. सगळे खाली. चाक फिरवत राहिलं तर ते स्वतःचाच खड्डा खोल करतं, म्हणून आधी चाकासमोरची वाळू फावड्याने उतरती काढली. मग टायरची हवा निम्म्यावर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि वजन विभागलं जातं. ते तुम्ही रेतीवर उमटलेले ठसे मोजून दाखवलं होतंत, त्यामुळे मुलांना नुसतं पाठ नव्हतं, समजलेलं होतं. पाणी ओतून गाडी हलकी करायची कल्पनासुद्धा कुणी काढली नाही. टाकीतलं शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन खरं, पण तिथे तेच प्राण. बॅगा उतरवल्या, पाणी आत राहिलं.

आणि मग तुमच्या काथ्याच्या चटया. लोखंडी पट्ट्यांऐवजी तुम्ही आपल्या नारळाच्या काथ्याची जाड चटई पट्ट्या कापून दिली होतीत, तेव्हा यांना शंका वाटली होती. ती चाकाखाली सरकवली, खरखरीत काथ्याने रबर पकडलं आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये, आवाज न चढवता, हळूहळू डांबरावर आली. एक मेंढपाळ आपला कळप थांबवून शेवटपर्यंत मागून रेटत होता. त्याने चटई हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, आणि हे कशाचं आहे म्हणून विचारलं. सासूबाईंनी त्याला नारळाचं झाड हातवारे करून दाखवलं. एक पट्टी त्याला देऊन आलो. तुम्हाला आवडेल याची खात्री होती.

निघण्यापूर्वी छोट्या कॉम्प्रेसरने हवा परत भरली. मऊ टायर डांबरावर वेगाने पळवला तर तापून फुटतो. हे वाक्य तुम्ही डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगाने लिहूनच ठेवलं आहे, ते आम्ही कधीही पुसणार नाही.

तुम्हाला आणखी एक सांगायचं होतं. जैसलमेरच्या आसपास आम्ही खडीन पाहिली. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून बांधलेली ही शेतं. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध, पावसाचं पाणी त्याला अडतं, जमिनीत मुरतं, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू, हरभरा होतो. ज्या मुलखात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे, डिसेंबरात, ओंजळभर माती उचलली तर ओली लागते! मी बांधावर उभी राहिले आणि मला तुमच्या गावची खाजनं, खाडीकाठची बांध घातलेली शेतं, आठवली. आपल्याकडे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि बांध घालायचा तो खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवायला. ओहोटीला उघडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी मानस, म्हणजे बांधातलं झडपेचं दार, आणि आत खारवट जमिनीत तग धरणारं कोरगुट भात. एका ठिकाणी पाणी आत धरायचं, दुसऱ्या ठिकाणी बाहेर अडवायचं, पण बांध फुटू नये म्हणून रात्री उठून बघणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असणार. तुमचे वडील खाजनाच्या बांधाची राखण करायचे असं तुम्ही एकदा बोलून गेला होतात. तिथे उभी असताना मला त्यांची आठवण झाली, न पाहिलेल्या माणसाची.

पाण्याबद्दल तुम्ही दिलेली ताकीदही पाळली. विहीर दिसली म्हणून बादली सोडायची नाही, आधी विचारायचं. गोव्यात दारात विहीर असलेल्या आम्हाला हे शिकावंच लागलं. एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, बाईंनी टांक्यातलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी प्यायला दिलं आणि आम्ही भांडं भरून घ्यावं म्हणून आग्रह धरला. आम्ही घोटभर प्यायलो आणि त्यांना आपली कोकमं दिली.

थंडीचा अंदाज मात्र तुम्ही सांगूनही आम्हाला आला नव्हता. तिथे पहाटे नारळाचं तेल बाटलीत दगडासारखं गोठायचं. सासूबाई ती बाटली चहाच्या भांड्याशेजारी ठेवून मग केस विंचरत. पाकिस्तानच्या सीमेजवळच्या तनोटला मातेच्या देवळात सीमा सुरक्षा दलाचे जवान पूजा-आरती सांभाळतात, १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेले आहेत. आरतीनंतर एका जवानाने गाडीवरची गोव्याची नंबरप्लेट वाचून विचारलं, इतक्या लांबून ही गाडी आणली कशी? यांनी तुमचं नाव सांगितलं आणि डॅशबोर्डवरची तुमची अक्षरं दाखवली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली.

काका, गाडी येत्या रविवारी तुमच्याकडे आणते आहे. मागच्या डाव्या चाकाचा बेअरिंगचा आवाज ऐकायचा आहे आणि चटईच्या पट्ट्या नव्या करायच्या आहेत, कारण पुढच्या थंडीत पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी तुम्ही आणि काकू दोघांनीही यायचं. काकूंनी वाळवंट फक्त तुमच्या पत्रांतून पाहिलं आहे. समोरची सीट त्यांची, आणि मागचा पलंग पाठदुखीमुळे तुमचा. गॅरेज बंद ठेवावं लागेल म्हणून नाही म्हणू नका. थोरल्याने तुमच्या मुलाशी बोलून ठेवलं आहे. तारीख चवथीनंतर ठरवू.

देव बरें करूं.

आपली,
गॅसवाल्या आजींची सून आणि घरची सगळी