रिव्हेराचा कटर

बेसबॉलमधल्या यांकीज संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) मारियानो रिव्हेरा याची थोरवी ६५२ ‘सेव्ह’वरून, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखत सामना संपवल्याच्या नोंदींवरून, मोजणे मला अपुरे वाटते. तीन धावांची आघाडी एका डावात राखली तरी सेव्ह मिळतो, इतका तो निकष सैल आहे. खरी कमाल ‘कटर’ या त्याच्या खास चेंडूची. पकड जवळपास फास्टबॉलचीच, मधल्या बोटाचा दाब किंचित जास्त. ताशी ९० मैलांपलीकडचा चेंडू अगदी शेवटी डावखुऱ्याच्या अंगाकडे सरकतो, दांड्याजवळ लागतो नि बॅट मोडते. २००१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मोसमाच्या अंतिम लढतीत) ॲरिझोनाचा फलंदाज लुईस गोन्झालेस यालाही त्याने असेच अडकवले होते. पण क्षेत्ररक्षक पुढे आणलेले, म्हणून तो मरगळलेला फटका त्यांच्या मागे पडला आणि यांकीज हरले. एरवी प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या) १४१ डावांत दर ९ डावांमागे, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या वगळता, त्याने दिल्या अवघ्या ०.७० धावा! २०१९मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ या बेसबॉलच्या सर्वोच्च सन्मानासाठी त्याला सर्वच्या सर्व ४२५ मते मिळाली, ती उगीच नव्हेत.

– एक बेसबॉलप्रेमी, पुणे