पोकळ मोह विकण्याआधी वर पाहा

संपादक महोदय,

सुगी उरकली की सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बांधावरची जुनी झाडं विकण्याची लगबग सुरू होते. पहिला सौदा होतो तो पोकळ मोहाचा, नाहीतर वाळक्या सालईचा. फळ नाही, सावली नाही, मग ठेवून करायचं काय, असं म्हणतात. पण नेमक्या त्याच दिवसांत, डिसेंबर ते एप्रिल, त्या ढोलीत टोई पोपटाची अंडी नाहीतर पिलं असतात.

टोई म्हणजे गावातल्या पिंपळावर कलकलाट करणारा नेहमीचा राघू नव्हे. राघूची चोच लाल, टोईची पिवळसर. अंगानेही लहान, लांब शेपटी धरून जेमतेम ३५ सेंटीमीटर. नराचं डोकं कपाळाकडे गुलाबी-लाल आणि मागे जांभळट. उन्हात मान वळवली की धूपछाव लुगड्यासारखं रंग बदलतं. गळ्याभोवती बारीक काळी रेघ, खांद्यावर लालसर ठिपका. मादीचं डोकं निळसर राखाडी, मानेला पिवळी पट्टी. उडून जाताना शेपटीचं पांढरं टोक दिसलं आणि ‘टुई टुई’ ऐकू आलं, की तो टोईच.

साग-सालईचं पानझडी जंगल आणि त्याला लागून असलेली शेतं, ही त्याची वस्ती. पळस, सावर फुलली की पाकळ्या खायला थवे येतात. ज्वारीवरही उतरतात. माझ्याही शेतात दरसाल कणसं खातात, मी डबा वाजवून हाकलते. नुकसान होतं हे खरंच, पण त्यापायी त्यांचं घर पाडावं असं मला कधी वाटलं नाही.

आणि ते घर नव्या रोपात होत नाही. मुरलेलं, आतून कुजू लागलेलं जुनं खोडच लागतं. ढोलीसकट झाड पडलं की पिलं पिंजऱ्यात जातात. त्यांचं डोकं लहानपणी हिरवंच असतं, त्यामुळे घेणारा त्यांना साधा राघू समजतो. राघू असो की टोई, आपल्याकडचा कुठलाही रानपोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी ओसरीत पिंजरे टांगलेले दिसतात, याचं फार वाईट वाटतं.

शेतकरी भावा-बहिणींना हात जोडून विनंती, झाड विकायचंच असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. आणि तोडीची परवानगी देणाऱ्यांनी पंचनाम्यात झाडाच्या घेराबरोबर ढोल्यांचीही नोंद करावी.

– एक शेतकरी महिला, ता. चोपडा, जि. जळगाव